टेनिसचे गणित व्हॉलीबॉलच्या कोर्टवर

व्हॉलीबॉलच्या निकालांचा अंदाज बांधणारी माणसे बहुधा क्रिकेट, टेनिस किंवा फुटबॉल पाहत मोठी झालेली असतात आणि तिकडचे ठोकताळे बरोबर घेऊन येतात. त्यांतले कोणते इथे चालतात आणि कोणते उलटे पडतात, याची नोंद मी इटली आणि पोलंडमधील लीगचे सामने पाहताना ठेवत आलो आहे. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. त्यामुळे पुढचे विवेचन पैज जिथे कायदेशीर आहे तिथल्या भावांचा अर्थ लावण्यापुरते आहे. वहीतला अंदाज मात्र कोणालाही मांडता येतो.

सर्वांत उपयोगी धडा टेनिसचा आहे. रॉजर फेडरर यांनी 2024 मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात सांगितले होते, की कारकिर्दीतील 1526 एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ 80 टक्के त्यांनी जिंकले, पण गुण जिंकले ते फक्त 54 टक्के. व्हॉलीबॉललाही हेच गणित लागू पडते. इथे प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतच्या खेळाला, एक गुण असतो. शंभरातल्या 52 रॅली जिंकणाऱ्या संघाची 25 गुणांचा सेट जिंकण्याची शक्यता सुमारे 61 टक्के आणि पाच सेटचा सामना जिंकण्याची सुमारे 70 टक्के असते. 53 रॅली जिंकणारा संघ 77-78 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. आता 25-23, 26-24, 25-23 असा सामना घ्या. गुणतालिकेत तो 3-0 असा एकतर्फी दिसतो, पण एकूण गुण 76 विरुद्ध 70 आहेत, म्हणजे विजेत्याने जेमतेम 52 टक्के रॅली जिंकल्या. म्हणून संघाचा फॉर्म पाहायचा असेल तर मी जिंकलेल्या सेटपेक्षा गुणांचे प्रमाण आधी पाहतो, आणि ही सवय मला फार मोलाची वाटते.

मात्र सर्व्हिसच्या बाबतीत टेनिसची नजर साफ चुकते. टेनिसमध्ये सर्व्हिस करणारा वरचढ असतो. व्हॉलीबॉलमध्ये पहिला स्मॅश मारायची संधी समोरून आलेली सर्व्हिस घेणाऱ्या संघाला मिळते, आणि पुरुषांच्या अव्वल पातळीवर तो संघ साधारणपणे तीनपैकी दोन रॅली जिंकतो. महिलांच्या सामन्यांत हे प्रमाण थोडे कमी असते. सेट 24-23 वर आला आहे अशी कल्पना करा. आघाडीवरच्या संघाने नुकताच गुण जिंकलेला असेल, तर सर्व्हिस त्याच्याच हातात असते, म्हणजे ज्या रॅलीला आपण सेट पॉइंट म्हणून श्वास रोखून पाहतो ती रॅली तो बहुतेक वेळा हरतो. तरीही दोन्ही संघ तुल्यबळ धरले, तर तो सेट जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे 71 टक्के राहते, कारण 24-24 झाल्यावर समोरची सर्व्हिस घेण्याची पाळी त्याच्याकडे येते. सामना चालू असताना 24-24 होताच ‘संधी गेली, आता दबाव आला’ असे समजून जो भाव बदलतो, तो या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष करतो. खरा प्रश्न त्या वेळी रोटेशन कोणते आहे, म्हणजे फिरत्या जागांमुळे पुढच्या आणि मागच्या फळीत कोण आले आहे, हा असतो. लिफ्टर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू) पुढच्या फळीत असेल तर तिथे स्मॅश मारणारे दोनच उरतात आणि गुण काढणे अवघड जाते. क्रिकेटमध्ये पुढचा फलंदाज कोण हे आपण सहज पाहतो, तितक्याच सहजतेने इथे रोटेशन पाहायला हवे.

बास्केटबॉलकडून आलेली ‘हात गरम आहे’ ही समजूत, म्हणजे लागोपाठ यश मिळवणाऱ्या खेळाडूला पुढेही यश मिळत राहील असे मानणे, वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1985 च्या गाजलेल्या अभ्यासाने बास्केटबॉलमध्ये ती भ्रम ठरवली, पुढे त्या अभ्यासाच्या पद्धतीवरही आक्षेप आले. मार्कुस राब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जर्मनीतील अव्वल व्हॉलीबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे निम्म्या खेळाडूंमध्ये अशी लय खरोखर आढळली आणि लिफ्टर तिचा अंदाज घेऊन चेंडू देतात असेही दिसले. ती लय त्याच सामन्यापुरती असते. गेल्या आठवड्यातल्या खेळीवरून पुढच्या सामन्याचा भाव ठरवायला ती कामाची नाही.

घरच्या मैदानाचा फायदा हा फुटबॉलचा धडा क्लब लीगमध्ये चालतो, पण राष्ट्रीय संघांच्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये अनेक संघ एकाच यजमान शहरात जमतात, तिथे यजमान वगळता कोणीच घरचा नसतो.

आपल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये, जिथे मुंबई आणि गोव्याचेही संघ खेळतात, सेट 15 गुणांचा असतो. वर धरलेला 52 टक्क्यांचा संघ असा सेट जिंकण्याची शक्यता 61 वरून 58-59 वर उतरते. कसोटीत न टिकणारा संघ ट्वेंटी-20 मध्ये बड्या संघाला हरवतो, त्यामागेही हेच कारण आहे: खेळ जितका छोटा, तितका नशिबाचा वाटा मोठा. त्यामुळे या लीगमधल्या अनपेक्षित निकालांवरून मी संघांची प्रतवारी घाईने बदलत नाही. दोन तुल्यबळ संघांना बुकी 1.90 असा भाव देतो (जिंकल्यास एका रुपयाचे 1.90 रुपये परत), तेव्हा नुसते बरोबरीत सुटायलाही 52.6 टक्के अंदाज खरे ठरावे लागतात. छोट्या सेटमध्ये बलवान संघाची आघाडीच इतकी आक्रसते, की बुकीने ठेवलेले हे अंतर पार करणे आणखी कठीण होते.