फर्लांग : बैलांच्या दमावर ठरलेलं अंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत पणजोबांच्या वेळचे नकाशे आणि जमिनीचे कागद अजून निघतात. त्यात मैल, फर्लांग, साखळी दिसली की तरुण मंडळी फोनवर आकडेमोड करतात आणि हमखास चुकतात. फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग, २२० यार्ड, ६६० फूट, जवळजवळ २०१ मीटर. नेहमीच्या चालीनं अडीच मिनिटं.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला. ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचं तास, नांगरानं जमिनीत पाडलेली ओळ, आणि ‘लांग’ म्हणजे लांब. तासाची लांबी, एवढाच अर्थ. जड नांगर आणि त्याला जुंपलेले पुष्कळ बैल बांधाशी वळवणं फार जिकिरीचं. म्हणून शेताच्या पट्ट्या लांब आणि अरुंद ठेवत, आणि बैल एका दमात जेवढं तास ओढतील तेवढी पट्टीची लांबी. औत हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पट्टीची रुंदी २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. २२० गुणिले २२, झाले ४,८४० चौरस यार्ड. हाच एकर, बैलांच्या एका दिवसाच्या नांगरटीचा अंदाज.

मैल मात्र रोमन घराण्यातला. इंग्लंडमध्ये तो ५,००० फुटांचाही धरत. १५९३ साली एलिझाबेथ राणीच्या काळात कायद्यानं आठ फर्लांगांचा मैल ठरला आणि तो ५,२८० फुटांचा झाला. फर्लांग हलवला असता तर सगळ्या जमिनींची मापं हलली असती, म्हणून मैलच ताणला. मला या शब्दातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता कागदाकडे. १२/५ असं लिहिलेलं असेल तर ते साडेबारा मैल नव्हे, १२ मैल ५ फर्लांग. म्हणजे १२.६२५ मैल, २०.३२ किलोमीटर. साडेबारा धरलेत तर बरोबर एक फर्लांग कमी भरतो.

साखळीची चूक याहून महागात पडते. १६२० च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं केलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. अशा दहा म्हणजे एक फर्लांग. आपल्याकडच्या जुन्या मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी मात्र ३३ फुटांची, १६ आण्यांची, म्हणजे १६ सारख्या भागांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. अशा वीस साखळ्यांचा फर्लांग, आणि वीस साखळ्या लांब, दोन रुंद पट्टी म्हणजे ४० गुंठे, तोच एकर. कागदातली साखळी ३३ ची असताना ६६ ची धरली तर क्षेत्र चौपट येतं. तेव्हा आधी त्याच कागदात एखादं क्षेत्र गुंठ्यांत दिलंय का पाहा, त्याची लांबी-रुंदी साखळ्यांत गुणून बघा, मगच पुढची बेरीज करा. गुंठा आणि आर एकच समजू नका: गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. एकरामागे जवळपास अर्ध्या आराचा फरक पडतो.

विघा (बिघा) या जमिनीच्या जुन्या मापाला मात्र हे गणित लावू नका. तो मुलुखागणिक बदलतो. त्या त्या गावचा विघा किती, हे तिथल्याच जुन्या नोंदीवरून काढावं लागतं.