दादाची दारू सुटली, पण…

बुधवार, रात्री उशिरा

दादा आज पहिल्यांदाच एकटा गंगेवरच्या (म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवरच्या) बुधवारच्या बाजारात जाऊन आला. मेथी, वांगी, आलं, एवढंच सांगितलं होतं. पिशवीतून निघाली मेथी, वांगी आणि आणखी एक मेथीची जुडी. वहिनी मुकाट्याने दोन्ही जुड्या निवडायला बसली. आत्या कसली गप्प बसते! “दिवाळीपासून थेंब घेतला नाही ना? मग आता काय धाड भरलीय याला?”

धाड कपाळाच्या मागे भरलीय, आत्या. पुढचं ठरवणं, कामाचा क्रम लावणं, स्वतःला आवरणं हे मेंदूचा पुढचा भाग बघतो, आणि वर्षानुवर्षं रोज ढोसणाऱ्याचा तोच भाग जास्त आकसतो. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूलाही झळ लागते. दारू पूर्ण बंद झाली की आकसलेला मेंदू थोडाफार भरून येतो. पहिले काही आठवडे वेग बरा असतो, मग महिनोन्‌महिने रखडपट्टी. सगळंच परत येतं असंही नाही.

त्यात बी-१ ची बोंब. दारूमुळे हे जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि दादा तर खाऱ्या शेंगदाण्यांवर रात्र काढायचा. अ‍ॅडमिट केलं तेव्हा ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ ची इंजेक्शनं दिली. ते फारच कमी पडलं तर डोळे भिरभिरतात, झोकांड्या जातात, माणूस भ्रमिष्टासारखा करतो. वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्येच हे लिहून ठेवलंय. तिथे उपचार हुकले तर नवीन काही लक्षात राहत नाही, आणि विसरलेल्या जागी माणूस मनाचंच काहीतरी सांगतो, तेही छातीठोकपणे. लोक म्हणतात, थापा मारतो. दादा तिथवर गेला नाही.

माळ घालून दारू सोडणारे आमच्या गल्लीतही आहेत. माळेबद्दल मला आदरच आहे. पण ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते त्याने एका झटक्यात सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग माळ.

आता दादाला सातपूरला परत लेथवर जायचंय. मी इतक्यात नको म्हणते. वहिनी विचारते, घराचा हप्ता कोण भरणार? तिचंही चूक नाही. सोमवारी डॉक्टरांना विचारून सध्या पॅकिंगला लावता येतंय का बघू.