केसपेपरवरचे दोन शब्द

माझ्या केसपेपरवर तीन तारखांना एकच नोंद आहे : ‘हल्लु नोवु’, म्हणजे दातदुखी. निपाणीजवळच्या आमच्या गावाहून बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात मी तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक वेळी नोंदणीच्या खिडकीवर माझ्या तक्रारीचे एवढेच सार उतरले. यात दोष भाषेचा नाही. दात शिवशिवण्याला कन्नडमध्ये ‘जुम्म’ हा नेमका शब्द आहे. रांगेच्या रेट्यात मीच “दात दुखतो” एवढे बोलून मोकळा झालो होतो. आत बसलेल्या तरुण डॉक्टरांनीही त्यापलीकडे काही विचारले नाही, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

पहिल्या फेरीत त्यांनी वरच्या दाढांची हिरडी वर सरकल्याचे दाखवले आणि संवेदनशील दातांची पेस्ट लिहून दिली. निदान खोटे नव्हते. मी वर्षानुवर्षे कडक ब्रशने दात घासत आलो आहे (आईची मशेरी सोडवताना मी तिला केवढी व्याख्याने दिली होती!). मूळ उघडे पडले की दाताच्या आतल्या थरातील सूक्ष्म नलिकाही उघड्या पडतात, थंड पाण्याने त्यांतला द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट त्यावर उपयोगी पडते, पण तिला काही आठवडे द्यावे लागतात. मी ते दिले. दुखणे दुसऱ्याच दाताचे होते.

तोवर कुंद्यासारख्या गोड पदार्थाचा एक घास खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येऊ लागले आणि रात्री आडवे झाल्यावर कानापर्यंत ठणका जाऊ लागला. दुसऱ्या फेरीत तीन तास थांबल्यावर वरच्या जबड्याचा एक्स-रे निघाला आणि “काही दिसत नाही, पेस्ट चालू ठेवा” असे उत्तर मिळाले. नसेची सूज एक्स-रेत दिसतच नाही. कीड दिसते आणि मुळाच्या टोकाशी हाडात झालेला बदलही बराच उशिरा दिसतो, हे मला पुढे कळले. शिवाय आतल्या नसेला आपला पत्ता नीट सांगता येत नाही. खालच्या दाढेची कळ त्याच बाजूच्या वरच्या दाढेत किंवा कानात जाणवू शकते. मी बोट वर दाखवले म्हणून सगळ्यांचे लक्ष मुख्यतः वरच राहिले.

तिसऱ्या फेरीत एक ज्येष्ठ बाई डॉक्टर होत्या. त्यांनी केसपेपर बाजूला ठेवून विचारले, “थंड लागल्यावर आलेली कळ किती वेळ राहते?” तीन फेऱ्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मग गार फवारा मारलेला कापसाचा बोळा त्यांनी डाव्या बाजूच्या एकेका दाताला लावून पाहिला. निरोगी दाढांची कळ बोळा काढताच ओसरली. खालच्या जुनी चांदी भरलेल्या दाढेची मात्र अर्ध्या मिनिटानंतरही थांबेना. त्या दाढेच्या एक्स-रेत चांदीखाली कीड दिसली. कळ लगेच ओसरत असेल तर कारण दूर केल्यावर नस सावरू शकते. ती रेंगाळत असेल, आपोआप उठत असेल, रात्री झोपू देत नसेल, तर नस सावरण्याच्या पलीकडे गेलेली असते, असे त्यांनी समजावले. रूट कॅनाल झाले. त्याबद्दल लिहिण्याजोगे विशेष काही नाही, कारण मी भ्यालो होतो तसे त्यात काहीच घडले नाही.

म्हणून खिडकीवर दुखते एवढेच सांगू नये. थंडाने की गरमाने, चावताना की चावून तोंड उघडताना (दाताला बारीक तडा असेल तर बरेचदा दाब सुटतानाच कळ येते), आणि मुख्य म्हणजे किती वेळ, हे कागदावर लिहून न्यावे. ठणका एकाएकी थांबला तर दुखणे गेले असे समजून घरी बसू नये. नस मेल्यावरही तो थांबतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती माझ्या चुकीची. दुसऱ्या फेरीच्या दिवशी मी सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन निघालो होतो. डॉक्टरांनी दात ठोकून पाहिले तेव्हा खालच्या दाढेला मी “काही नाही” म्हणालो. गोळीने तपासणीत गफलत होऊ शकते. घेतली असल्यास तसे सांगावे, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.