एम५०एक्स घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

‘घरी निवांत गाणं ऐकायला स्टुडिओ हेडफोन घ्यायचेत, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घेऊ ना?’ सांगली-मिरजेत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. विचारणाऱ्यानं चार व्हिडिओ बघून मॉडेल आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. पण मी आधी दोन गोष्टी विचारतो. ऐकता त्या खोलीत पंखा केवढ्यावर असतो? आणि हेडफोनची पिन कशात खोचणार आहात? मॉडेलचं नाव त्यानंतर.

खोक्यावर ‘स्टुडिओ’ छापायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे त्या शब्दावर पैसे टाकू नका. पण ज्या हेडफोननी स्टुडिओत खरोखर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचा एक गुण घरी फार उपयोगी पडतो. ते दुरुस्त होतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, सेन्हायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा. दोन्ही अजून मिळतात, आणि त्यांच्या कानावरच्या गाद्याही मिळतात. एचडी ६०० तर स्क्रू ड्रायव्हर न लावता हातानं सुटा होतो, गाद्या, जाळी, वायर सगळं निघतं. वर्षभरात बाजारातून नाहीशा होणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी गेली की तो कपाटात जातो. म्हणून घरी बसून ऐकायचं असेल तर वायरवाला घ्या, यावर मी फार वाद घालत नाही.

आता पंखा. हेडफोन दोन जातींचे. बंद पाठीचे, ज्यांचा आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा बराचसा आत येत नाही; आणि उघड्या पाठीचे, ज्यांच्या जाळीतून दोन्हीकडे वाट मोकळी असते. उघड्या पाठीचे ऐकायला जास्त मोकळे वाटतात, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही, कानही कमी तापतात. परदेशी परीक्षणं वाचली की तुम्हीही म्हणणार, उघडेच घेऊ. पण ती परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर एप्रिलमध्ये सांगलीत फिरतो तसा पंखा फिरत नसतो. पाचवर फिरणाऱ्या पंख्याची सळसळ जाळीतून थेट आत येते, विलंबित ख्यालातली हलकी आलापी तिच्याखाली जाते, मग हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही तुमचं गाणं ऐकू येतं ते वेगळंच. अर्धवट उघडे म्हणून विकले जातात, उदाहरणार्थ एकेजीचा के२४०, तेही या बाबतीत उघड्यातच धरा.

बंद हेडफोन सळसळ चांगली अडवतात. पंख्याची किंवा फ्रिजची खालची घरघर मात्र तेही फारशी अडवत नाहीत. जितका खर्जातला आवाज, तितका तो पातळ भिंतीला जुमानत नाही. आणि बंद हेडफोनच्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात ओल्या होतात. यावर मला पटलेला मधला मार्ग म्हणजे बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो: पाठ बंद, पण गाद्या मखमली. सळसळ थोडी जास्त येते, कान मात्र शिजत नाहीत. रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, पंखा एकवर ठेवून ऐकणारे असाल तर खुशाल उघडे घ्या, त्यासारखं सुख नाही.

चष्मा असेल तर आणखी एक. चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते आणि बंद हेडफोनचा बेस त्या फटीतून निसटतो. तुमच्या कानावरचा हेडफोन पोकळ वाटत असेल तर चष्मा काढून तोच तुकडा पुन्हा ऐका. डग्गा परत आला तर दोष काडीचा. बारीक काडीची फ्रेम किंवा मऊ, जाड गादी, एवढाच इलाज.

दुसरा प्रश्न, पिन कशात? इथे ओहमची, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाच्या मापाची, भीती उगाच फार घातली जाते. हिशोब करून बघू. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो (मखमली गाद्या ८० आणि २५० ला, ३२ ला कृत्रिम चामड्याच्या), आणि एक मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल देतो. आजचा चांगला टाईप-सी डोंगल, म्हणजे फोनला हेडफोनची पिन जोडणारा छोटा अडॅप्टर, साधारण १ व्होल्ट देतो. ८० ओहमवर त्याचे साडेबारा मिलिवॅट होतात, म्हणजे सुमारे १०७ डेसिबल. २५० ओहमवर ४ मिलिवॅट, म्हणजे सुमारे १०२. कानठळ्या बसायला दोन्ही पुरेसे आहेत. मग अडतं कुठे? हा आकडा पूर्ण ताकदीच्या सुरांसाठी आहे. आजची चित्रपटगीतं त्या कमाल पातळीला चिकटवूनच बनवलेली असतात, त्यामुळे कशावरही मोठी वाजतात. जुन्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण त्याच्या १५-२० डेसिबल खाली असू शकतं, आणि त्यातली आलापी आणखी खाली. तिथे अर्धा व्होल्ट देणारा फोन आणि २५० ओहमचा हेडफोन ही जोडी धापा टाकते. म्हणून शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी फोनवरच ऐकायचं असेल तर ८० ओहमपर्यंत थांबावं. २५० किंवा एचडी ६०० चे ३०० ओहम घ्यायचे तर वेगळा छोटा ॲम्प (ॲम्प्लिफायर) धरूनच बजेट करावं. काही डोंगल अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाहीत, तेव्हा डोंगल आपल्या फोनला लावूनच घ्या.

घरातल्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या मोठ्या भोकात, मधला ६.३ मिलिमीटरचा अडॅप्टर लावून, पिन खोचायचा मोह होतो. वाजेल जोरात, पण त्या भोकामागे अनेकदा शंभर ओहमच्या वरचा रोध असतो आणि बऱ्याच हेडफोनचा बेस त्यानं फुगतो. उगमाचा रोध हेडफोनच्या एकाष्टमांशापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम. आणि भिंतीतल्या विजेवर चालणारा ॲम्प आणि चार्जरला लावलेला लॅपटॉप यांची जोडी जमली की कधीकधी गुणगुण येते. चार्जर काढा. गुणगुण थांबली तर हेडफोन दोषी नाही, दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. जुन्या वाड्यांत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, तिथे आधी वायरमन बोलवा.

आता मॉडेलं. किमती दर सणाला हलतात म्हणून आकडे देत नाही. एम५०एक्स वाईट नाही, पण त्यात बेस वर उचललेला आहे आणि वरचे सूरही. हिंदी गाणी झणझणीत लागतात, तासाभरानं कान थकतात. त्याच कंपनीचा स्वस्त एम४०एक्स मला गाण्यासाठी जास्त सरळ वाटतो. फक्त त्याच्या गाद्या उथळ आहेत, मोठ्या कानाची पाळी आत टेकते. त्याहून खाली एम२०एक्स. वायर सुटत नाही, बेस कमी, पण पहिल्या खरेदीला ठीक. एमडीआर-७५०६ हलका, २३० ग्रॅमचा, शब्द लख्ख ऐकवणारा, पण ‘स’ आणि ‘श’ टोचतात. के२४० मध्ये अगदी खालचे सूर कमी, पण गळा आणि पेटी सुरेख. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला मी तो बिनधास्त सांगतो. एचडी ६०० चा गळा या सगळ्यांत सर्वांत खरा. शांत खोली आणि ॲम्प दोन्ही असतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

पारखायचं कसं? आपल्याकडे यासाठी एक सोय आहे जी पुण्या-मुंबईलाही हाताशी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या सतारमेकरांच्या दुकानांत तंबोरे जुळवले जातात. एकदा जाऊन खरा तंबोरा जवळून ऐका. तार आणि घोडी यांच्यात सुताचा दोरा किंचित सरकवला की आवाज कसा मिटतो आणि उघडतो ते बघा. मग घरी तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा.

काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) मर्दानी तंबोऱ्यात जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज ६९ वर असतो. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीला हलकेच घासत तार वाजते त्यामुळे, त्या एका तारेतून हजारो हर्ट्झपर्यंतचे उपसूर उमटतात, आणि छेडल्यानंतर ते एकामागून एक खाली उतरत जातात. चांगल्या हेडफोनमध्ये ही उतरंड मोजता येईल इतकी सुटी ऐकू येते. वरचे सूर फुगवलेले असतील तर तिथे नुसता चरचराट होतो. दबलेले असतील तर चार तारा चार ठोक्यांसारख्या वाजतात, मधलं काही भरत नाही. खर्जाची परीक्षा मात्र तंबोऱ्यावर घेऊ नका. खर्जाचा मूळ सूर मुळातच क्षीण असतो आणि उपसुरांवरून आपला कानच तो भरून काढतो, त्यामुळे शंभर रुपयांच्या इअरफोनमध्येही खर्ज ‘ऐकू’ येतो. त्यासाठी डग्गा घ्या. तबलजी मनगट दाबत घुमारा वर नेतो, तेव्हा तो सगळ्या उंचीवर सारखा भरीव राहिला पाहिजे. मध्येच एका जागी धम्मकन मोठा झाला तर बंद डबीचा स्वतःचा नाद त्यात मिसळतोय.

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचे चाहते अजून खूप आहेत. १९३० च्या दशकातल्या त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत ५-६ हजार हर्ट्झच्या वर संगीत जवळजवळ नसतं, असते ती खरखर. डीटी ७७० चा ८ हजारांच्या आसपासचा उंचवटा नेमकी तीच खरखर उचलून धरतो. हेडफोन बदलू नका, इक्वलायझर (हवे ते सूर कमी-जास्त करणारं ॲप) वापरा. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात अनेक मॉडेलांची तयार दुरुस्ती असते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. ८ हजारांवर ४-५ डेसिबल खाली आणा, गळ्याला धक्का लागत नाही. काही वर उचलणार असाल, समजा बेस ४ डेसिबलनं, तर एकूण पातळी आधी तेवढीच खाली घ्या, नाहीतर मोठे सूर फाटतात.

बिघाडांत सर्वांत जास्त जाते ती वायर, आणि ती पिनेपासून दोन बोटांवर जाते. एक लक्षण ओळखून ठेवा: पेटी, तबला, कोरस ऐकू येतात आणि मुख्य गळा मात्र खोल विहिरीत गेल्यासारखा वाटतो. गाणं बिघडलेलं नाही, दोन्ही कानांची सामायिक तार तुटली आहे. ती तुटली की डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो आणि दोन्हीकडे सारखा असलेला गळा कटतो. पिन नवी लावताना टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मागच्या दांड्याला सामायिक. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाख असते. ती नखानं खरवडायला गेलात तर तारच तुटते. सोल्डरिंगच्या तापल्या टोकावर शिशाचा थेंब घेऊन त्यात तार दोन-तीन सेकंद बुडवा, लाख जळते आणि तार चकाकते. वायर सुटी होत असेल तर हा सगळा उद्योग वाचतो.

गाद्यांचं कृत्रिम चामडं दमट हवेत आपोआप विघटतं आणि कानावर काळे कपटे उरतात. कोयनेकडच्या किंवा महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ते लवकर होतं. ऐकून झालं की कोरड्या कपड्यानं पुसायचं आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. गाद्या बदलताना मूळ मापाच्याच घ्या. जाडी बदलली की आवाज बदलतो, आणि मग लोक हेडफोन बिघडला म्हणून घेऊन येतात.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लहान मुलांसाठी ८० च्या जागी ७५ धरा. पंखा चालू, हेडफोन उघडे, आवाज वाढवलेला, हे गणित पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतं.

शेवटचं, खरेदी. इथल्या दुकानांत हे हेडफोन कानाला लावून बघायला क्वचितच मिळतात, म्हणजे ऑनलाइन आलं, आणि एम५०एक्सच्या हुबेहूब नकला भरपूर फिरतात. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला हवा. नसेल तर परत. ‘फक्त बदली’ आणि ‘परतावा’ यांतला फरक पैसे भरायच्या आधी वाचा, कारण बदलीत तुम्हाला न पटलेलं तेच मॉडेल पुन्हा येतं. खोकं उघडल्या दिवशीच २० ते २०० हर्ट्झचा हळू चढणारा सूर मध्यम आवाजात लावा. कुठे भुरभुर किंवा चरचर आली, किंवा सूर चढताना एका बाजूला झुकला, तर गादी नीट बसवून पुन्हा बघा. तरीही तेच झालं तर मुदत संपायच्या आत परत करा.