गॅलरीतला वसंत: कोथिंबीर निघाली, कढीपत्ता जागा झाला

१५ फेब्रुवारी

वसंतपंचमी होऊन गेली, पण पुण्यात पहाटे अजून पायमोजे लागतात. गॅलरीतल्या तापमापकावर सकाळी साडेसहाला १३ आणि दुपारी दोनला ३२. महिनाभर काडी होऊन उभ्या असलेल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी आज पोपटी कोंब दिसले. तीन. चष्मा पुसून पुन्हा मोजले.

नव्या मंडळींसाठी: थंडीत कढीपत्ता पानं गाळतो, तो मेलेला नसतो. पहिल्या वर्षी मी घाबरून रोज पाणी घातलं आणि मुळं कुजवून खरंच मारला. आता थंडीत माती दोन बोटं खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. आज शेंडे छाटले, वरची माती उकरून दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. पुढच्या आठवड्यापासून आंबट ताक, एक वाटीला दहा वाट्या पाणी. त्याने पानांचा वास वाढतो असं सासूबाई म्हणतात. मला फरक कळत नाही, पण ताक उरतंच.

संध्याकाळी सब्जा पेरला, किराण्याच्या डब्यातलाच. पिझ्झावरचं बेसिल आणि फालुद्यातला सब्जा एकाच जातीचे. फक्त आपल्याकडच्याची पानं बारीक आणि वास जरा लवंगेकडे झुकणारा. बी मातीत गाडायचं नाही, नुसतं भुरभुरायचं आणि फवाऱ्याने ओलं करायचं. पाच मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गोळा फुगतो. रात्री गार पडतं म्हणून ट्रे ओट्यावर.

१८ फेब्रुवारी

कोथिंबिरीला तुरे आले. खालची पानं अजून रुंद आहेत, वरची मात्र शेपूसारखी झाली. म्हणजे आता पानांसाठी हिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी बियांच्या पाकिटावर 'वसंत ऋतूत पेरा' असं वाचून मार्चच्या मध्यावर धने पेरले होते. रीतसर: धने हलके रगडून दोन फाका केल्या, रात्रभर भिजवल्या, सगळं केलं. वीतभर व्हायच्या आत फुलं! तो वसंत बर्फ वितळणाऱ्या देशातला. आपला वसंत म्हणजे उन्हाळ्याची पहिली पायरी, आणि कोथिंबिरीला ऊन चढलं की ती बी धरायच्या घाईला लागते. आपल्याकडे ती दिवाळीनंतर पेरायची. पाकीट काहीही म्हणो.

यंदा उपटली नाही. बारक्या मधमाश्या येतायत, आणि मला हिरवे धने हवेत. ओले असतानाच मिरचीबरोबर वाटले तर चटणीला जी चव येते ती बाजारच्या कुठल्याच धन्यांना नाही.

२२ फेब्रुवारी

सब्जा उगवला! दाटीवाटीने, कारण हात सैल सुटला होता. चार पानं आली की विरळणी. सहा पानांवर शेंडा खुडायचा आणि पुढे मंजिरी दिसली की तोडायची, म्हणजे झाड पसरेल.

पुदिन्याची कुंडी उलटी केली. मातीपेक्षा मुळंच जास्त, कुंडीच्या आकाराची गोल चुंबळ. भाकरीसारखे सुरीने चार तुकडे केले. दोन परत लावले, एक शेजारच्या काकूंना, एक जिना झाडणाऱ्या मावशींना. पुदिन्याला खोल कुंडी लागत नाही, पसरट हवी. मी जुनी प्लास्टिकची घमेली वापरते, तळाला सहा भोकं पाडून.

गवती चहाही फोडायचा होता, पण पानांनी हात कापून घेतला आणि राहिला.

पुढचं: होळी जळाली, थंडी पळाली. त्याच्या आत पुदिना पश्चिमेच्या कठड्यावरून वॉशिंग मशीनच्या बाजूला, सकाळचं कोवळं ऊन लागेल तिथे हलवायचा. हिरवी जाळी माळ्यावरून काढायची. आणि कढीपत्त्यावर लक्ष. तो लिंबाच्या कुळातला, त्यामुळे कोवळी पालवी आली की फुलपाखरं अंडी घालून जातात, आणि अळ्या सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. गेल्या वर्षी मी आठवडाभर चिमण्यांना शिव्या घातल्या होत्या. यंदा दोन फांद्या अळ्यांना सोडायच्या ठरवल्यात, बाकीच्या फोडणीला.