नागपूरचे विमान आधी जुहूकडे

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. लोहमार्गाने हाच पल्ला ८३७ किलोमीटरांचा होतो, कारण रेल्वेला कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी गावे गाठीत जावे लागते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे खरा, पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो आणि पुढची खरी कसोटी तिथूनच सुरू होते. हवाई अंतराला यातले काहीच सोसावे लागत नाही. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती शिर्डीच्या दक्षिणेकडून जाऊन जवळपास छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून निघते, लोणारचे सरोवर तीसेक किलोमीटर उजव्या हाताला सोडते आणि वर्ध्याच्या उत्तरेकडून सोनेगावच्या धावपट्टीपाशी पोहोचते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर जेमतेम पन्नास मिनिटांत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिलेली असते. याचे कारण असे, की वेळापत्रकातली वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर उभे राहीपर्यंत मोजली जाते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच उपयोग होतो, आणि संध्याकाळी तिच्या तोंडाशी विमानांची रांग लागते. खिडकीतून पुढची शेपटे मोजीत बसावे. अखेर उड्डाण होते तेही बहुतेक वेळा पश्चिमेला. म्हणजे पूर्वेच्या नागपूरला निघालेल्या प्रवाशाला आधी जुहूचा किनारा आणि त्यापलीकडचा समुद्र दिसतो, मग विमान सावकाश वळण घेऊन पुन्हा जमिनीच्या बाजूला येते. हवाई अंतराच्या आकड्यात या वळणाला जागा नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, तोही हिशेब त्यात नसतो.

मला याहून गमतीचा वाटतो तो वारा. हिवाळ्यात मध्य भारतावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंतही जातो. त्यामुळे डिसेंबरात नागपूरला जाणे लवकर आटोपते आणि परतीला दहाएक मिनिटे जास्त लागतात, अंतर दोन्ही वेळा तेच असूनही. पावसाळ्यात हे सारे उलटते. दक्षिण भारतावर, विमानांच्याही वर, पूर्वेकडून जाणारा एक वेगवान प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला होता. त्याचे सौम्य रूप विमानाच्या उंचीवरही जाणवते. म्हणून जुलैत नागपूरहून मुंबईला येताना वारा पाठीशी असतो. परंतु त्याने मिळवून दिलेली मिनिटे मुंबईच्या मुसळधार पावसात उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत घिरट्या घालण्यात खर्ची पडतात, आणि कंपन्यांनी वेळापत्रकात हातचे म्हणून राखून ठेवलेली मिनिटे तेव्हा कामी येतात. पाऊस नसेल त्या दिवशी हीच शिल्लक ‘आपण वेळेआधी पोहोचलो आहोत’ अशा घोषणेच्या रूपाने प्रवाशांना ऐकवली जाते.