७८ वर लावू नका : शांता आपटे रेकॉर्ड-नोंदी, महिना आठवा

या महिन्यात रेकॉर्डची एकच बाजू हातावेगळी झाली. पण त्या एका बाजूमुळे आधीच्या सात महिन्यांचं काम पुन्हा तपासावं लागणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्या काळच्या गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या लाखेच्या जेवढ्या रेकॉर्ड मिळतील तेवढ्या स्वच्छ करून संगणकावर उतरवायच्या आणि बरोबरीनं वहीत प्रत्येक चित्रपटाचं एक पान लिहायचं, असा हा उद्योग आहे. आजवर अकरा रेकॉर्ड जमल्या. दोन तडकलेल्या आहेत, एकीच्या कडेचा टवका उडालाय, बाकीच्या वाजतात.

या महिन्यातली बाजू ‘अमृतमंथन’मधली, ‘कमसिनी में दिल पे ग़म का बार क्यों’. १९३४ सालचा चित्रपट. प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला बिऱ्हाड हलवलं आणि नव्या स्टुडिओत पहिला काढला तो हाच, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. शांताबाई तेव्हा अठराच्या आसपास. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीसारख्या लहान गावात १९१६ साली जन्मलेली मुलगी; १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडकांच्या कृष्णासमोर राधा झाली होती, पण लोकांनी खरी उचलून धरली ती या गझलेनंतर.

रेकॉर्ड पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. कागदी पाकीट नव्हतंच, लेबलावरचं सोनेरी अक्षर घासून गेलेलं. टॉर्च तिरका धरल्यावर आतल्या वर्तुळापाशी कोरलेला क्रमांक दिसला, त्यावरून ओळख पटली. इथं एक कळकळीची सूचना. या रेकॉर्डना स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुरुवातीला एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मी एका रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. क्षणभर ती आरशासारखी चमकली, वाळल्यावर त्या जागी पांढुरका डाग राहिला आणि आता सुई तिथं आली की तव्यावर फोडणी पडल्यासारखा आवाज येतो. ती बाजू कायमची गेली. आता कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनंच गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं धुऊन उभी वाळवायची. ‘कमसिनी’चं धुतलेलं पाणी चहासारखं निघालं.

सुईचं प्रकरण मागच्या महिन्यात लिहिलंय, पुन्हा फक्त एवढंच: एलपीची सुई इथं वापरायची नाही. ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि नव्वद वर्षांची धूळ वाचते. ७८ च्या रेकॉर्डला साधारण तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश भागाएवढी जाड टोकाची सुई लागते. ती खाचेच्या भिंतींवर टेकते, आणि गाणं त्या भिंतींवर असतं. सुई बदलली आणि निम्मी खरखर गेली.

आता मुख्य मुद्दा. टर्नटेबल ७८ वर लावलं, सुई ठेवली, शेजारी पेटी उघडली. षड्ज कुठंच बसेना. एका पट्टीच्या वर, दुसरीच्या खाली, मधेच लटकलेला. टर्नटेबलचा वेग तपासायची स्ट्रोबची चकती ठेवून पाहिलं, ७७ रेघांची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असते ती. रेघा स्थिर होत्या, म्हणजे टर्नटेबल चोख होतं. मग चूक कुणाची?

तर, ‘७८’ हा आकडा त्या काळात सगळीकडे काटेकोर पाळला जात नव्हता. ध्वनिमुद्रणाचं यंत्र थोडं हळू फिरलं असेल, तर आज ७८ वर लावल्यावर गाणं थोडं जलद आणि चढ्या सुरात ऐकू येतं. हिशोब सोपा आहे: साडेचार-एक फेऱ्यांचा फरक पडला की सूर एक पूर्ण पट्टी सरकतो. दोन फेऱ्यांनी तो अधांतरी लटकतो, अगदी माझ्याकडे लटकला तसा.

म्हटलं, चित्रपटाशी ताडून पाहू. माझ्याकडची प्रत दूरदर्शनच्या जमान्यातल्या टेपवरून घेतलेली. पेटीवर धरली तर सूर रेकॉर्डपेक्षाही वर! दोन दिवस यात गेले. मग लक्षात आलं की चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडचं जुनं टीव्ही प्रक्षेपण २५ चौकटींचं. अख्खा चित्रपट चार टक्के जलद पळतो, त्याबरोबर आवाजही चढतो, एका पट्टीला थोडाच कमी. संगणकावर ते चार टक्के काढले. चित्रपटातलं गाणं अलगद खाली आलं आणि पेटीच्या पट्टीवर बसलं. रेकॉर्ड हळूहळू उतरवत नेली, ७७.५, ७७, ७६.५, साधारण ७६ ला ती त्याच पट्टीवर येऊन थांबली.

त्या काळी रेकॉर्डसाठी बहुधा पुन्हा वेगळं गाणं म्हणावं लागे, त्यामुळे दोन्हींची पट्टी एकच असायला हवी असा नियम नाही. तरी दोन वेगवेगळ्या वाटांनी येऊन दोन्ही एकाच जागी थांबले, याला मी पुरावा मानतो.

आणि मग जे ऐकू आलं त्यासाठी ही नोंद लिहितोय. शांता आपटे म्हणजे बारीक, टोकदार, थोडा किरकिरा आवाज, अशी माझी समजूत होती. तुमच्यातल्याही अनेकांची असेल, कारण आपण सगळ्यांनी ऐकलेल्या प्रती तशाच आहेत. ७६ वर आवाजाला अंग आलं. ‘क्यों’वर ती जी छोटी हरकत घेते, ती ७८ वर नुसती थरथर वाटत होती; आता तिच्यातले सूर सुटे मोजता येतात. शब्दांना बोलल्याचा उच्चार आला. ‘ग़म’ म्हणताना ती किंचित रेंगाळते, ठेक्याच्या पुढं न जाता, आणि तिथं गाणारी बाई आणि पडद्यावरची मुलगी वेगळ्या काढता येत नाहीत. भोळ्यांना हेच हवं असणार. तानांची आतषबाजी नको, शब्द पोचला पाहिजे.

एक धडा आणखी. संगणकातलं खरखर काढायचं बटण जपून वापरा. पहिल्या झटक्यात मी ते जोरात लावलं आणि तबल्याची थाप व तिची ‘क’, ‘त’ ही व्यंजनं बोथट झाली. आता फक्त मोठे टकटक आवाज हातानं, एकेक करून काढतो. तीन मिनिटांच्या बाजूला चार संध्याकाळी लागल्या. डाव्या-उजव्या वाहिन्या एकत्र केल्या की सुईच्या वर-खाली हलण्याचा गोंगाट बराचसा आपोआप कटतो, ते मात्र आधी करा.

वहीतलं ‘कुंकू’चं पानही याच महिन्यात पुरं झालं. १९३७, ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, हिंदीत ‘दुनिया न माने’. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा म्हणजे शांताबाई, समोर वकील केशवराव दाते. इथं वेगळं पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचेच आवाज. अशा चित्रपटात गाणारी नायिका कशी गाणार? नीरा ग्रामोफोन लावते आणि त्याच्या साथीनं गाते. लाँगफेलोची इंग्रजी कविताही ती म्हणते. आपल्या छंदाचं यंत्र त्या बंद घरात तिच्या सोबतीला आहे, हे मी या खेपेला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि ते दृश्य तीनदा मागं नेलं.

‘कुंकू’च्या पुढच्या वर्षी ‘गोपाळकृष्ण’मध्ये शांताबाई पुन्हा राधा, कृष्णाच्या भूमिकेत पोरवयातले राम मराठे, संगीत मास्टर कृष्णरावांचं. आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, तीच बाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. कराराचा आणि पैशांचा वाद होता. ज्या स्टुडिओनं तिला घडवलं त्याच्याच दारात, रस्त्यावरच्या लोकांदेखत. स्टुडिओतल्या गृहस्थांना काय वाटलं असेल ते सोडा. चित्रपटात काम करणारी बाई ही कामगार आहे आणि कामाच्या अटींवर ती बोलू शकते, हे तिनं तिथं बसून सांगितलं. वर्षभरात तिचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तकही आलं. ‘कुंकू’तली नीरा तिला कुणी शिकवावी लागली नसणार, असं माझं मत पक्कं होत चाललंय. स्टुडिओच्या जागी आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लॉ कॉलेज रस्त्यानं जाताना हल्ली मी त्या फाटकापाशी थोडा थांबतो.

प्रभात सुटल्यानंतरची पानं अजून विरळ आहेत. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त ती नायिका आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद, त्यासाठी ती तमिळ शिकली. मग लाहोरचा ‘जमीनदार’ (१९४२), नूरजहाँबरोबर ‘दुहाई’ (१९४३). १९४८ च्या ‘भाग्यरेखा’कडे मात्र मी आशेनं पाहतोय, कारण ‘कुंकू’ची गाणी लिहिणारे शांताराम आठवलेच तिथं दिग्दर्शक आहेत आणि तिच्याबरोबर पु. ल. देशपांडे आहेत. १९६४ च्या फेब्रुवारीत ती गेली, पन्नाशीही गाठली नव्हती.

पुढचं काम ठरलंय. आधी उतरवलेल्या नऊच्या नऊ बाजू पेटी शेजारी ठेवून पुन्हा ऐकायच्या, प्रत्येकीची फिरकी नव्यानं लावायची. सगळ्यांना ७६ लागेल असं नाही, एकेकीचं वेगळं निघेल. तुमच्याकडे ‘कमसिनी’ची रेकॉर्ड असेल तर लेबलापाशी कोरलेला क्रमांक टॉर्चच्या उजेडात पाहून कळवा, दुसरं मुद्रण सापडलं तर दोन्ही शेजारी लावून ताडता येतील. शक्य असेल तर वेग न बदलता, काहीही साफ न करता, जशी वाजते तशीच उतरवलेली फाइल पाठवा. येत्या रविवारी ‘गोपाळकृष्ण’ची बाजू धुवायला काढतोय. तिच्या मधोमध केसाएवढी चीर आहे, म्हणून आधी कोरडीच एकदा वाजवून घेणार.